मुलगा स्वतःला ‘मी जाते’ म्हणतो. सुधारावं की सोडून द्यावं?

ओसरी | ४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

चिरंजीव २ वर्षं ८ महिन्यांचे. एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत, त्यामुळे ‘अजून बोलत नाही’ वगैरे काळजी नाही. काळजी वेगळीच आहे.

तो स्वतःबद्दल बायकी बोलतो. ‘मी येते’, ‘मी दमले’, ‘मी पडले’. परवा लिफ्टमध्ये ‘मी बटण दाबते’ म्हणाला तर खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘दाब हं छकुली’. सासूबाई फोनवर हसतात, पण ते हसणं मला कळतं.

घरात दिवसभर मी, माझी आई आणि त्याला सांभाळायला येणाऱ्या मावशी. नवरा रात्री नऊला उगवतो, तोवर हा झोपलेला. म्हणजे कारण समोर दिसतंय. पण त्याला उद्देशून कोणीच ‘तू जातेस’ म्हणत नाही ना! सगळ्या जणी ‘तू जातोस’, ‘आला माझा राजा’ असंच म्हणतो. मग हे कुठून?

दुसरा गोंधळ त्याहून मोठा. दोन वर्षांचा होता तेव्हा ‘बाबा आला’, ‘केलं’, ‘दिलं’ असं स्वच्छ म्हणायचा. व्हिडिओ आहेत. आता म्हणतो ‘बाबा येला’, ‘मी करलं’, ‘आजीने देलं’. येत होतं ते बिघडलं! सुधारायला गेले तर हे असं:

‘मी करलं नाही रे, मी केलं. म्हण, मी केलं.’
‘मी केलं.’
‘शाब्बास! मग हा टॉवर कोणी केला?’
‘मी करला.’

डॉक्टरांच्या मते सगळं उत्तम आहे. पाळणाघराच्या बाईंच्या मते दोन भाषांचा ताण येतोय, घरी इंग्रजीच बोला. अनुभवी लोकांनी सांगा.

---

तांबडा पांढरा | ४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

ओसरीताई, पोराला कोल्हापूरला पाठवा. आमच्याकडं बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. माझी बायको पुण्यात नोकरीला लागली तेव्हा ‘मी निघतो सर’ म्हणाली तर सगळं ऑफिस वळून बघायला लागलं होतं. आमच्यात कुणाला त्यात काय वाटत नाही. तुमचं पोरगं उलट्या बाजूनं आलंय एवढंच.

---

अर्धवट पेठकर | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

आमच्या वेळी असल्या गोष्टींवर चर्चा होत नसे. पोर चुकलं की थोरले ‘नीट बोल’ म्हणत, पोर नीट बोलायला लागे. मुलं नक्कल करतात. घरात बायकाच असतील तर बायकांसारखं बोलेल, संपला विषय. नवऱ्याला सातला घरी यायला सांगा.

---

पिंपळपान | ५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

डेक्कन कॉलेजात दोन वर्षं भाषाशास्त्र शिकलो होतो. पोट दुसऱ्याच धंद्यावर चालतं, पण असा धागा दिसला की राहवत नाही. लांबण लागेल, जेवणाची सुट्टी आहे.

पेठकर काका, नक्कल म्हणता ना, मग एक सांगा: ‘करलं’ कोणाची नक्कल आहे? ओसरीताई म्हणत नाहीत, आजी म्हणत नाही, मावशीही म्हणत नसणार. जे कानावर पडलंच नाही ते पोराच्या तोंडात आलं कुठून?

ते त्याने बनवलं. ‘बसला, पडला, रडला, हसला’ ऐकून ऐकून त्याला सापडलं की झालेली गोष्ट सांगायची तर क्रियापदाला ‘ल’ लावायचा. लावला. कर, करलं. ये, येला. दे, देलं. गणित बरोबर आहे, मराठीच वाकडी आहे. दोन वर्षांचा असताना तो जे ‘केलं’ म्हणायचा, ते त्याच्या लेखी अख्खं एक नाव होतं, ‘चेंडू’ असतं तसं. त्यात ‘करणे’ लपलंय हे त्याला माहीत नव्हतं. आता कळलं, म्हणून चुकतो. इंग्रजी मुलंही आधी ‘वेन्ट’ म्हणतात, मग मध्येच ‘गोड’ (म्हणजे गो ला ड) म्हणायला लागतात आणि पुन्हा ‘वेन्ट’वर येतात. आलेखात काढलं तर यू अक्षर होतं. तुमचा मुलगा त्या यूच्या तळाशी आहे.

आणि वाकडी क्रियापदं कोणती ते बघा: करणे, येणे, जाणे, देणे, मरणे. रोजची. रोज हजारदा कानावर पडतात म्हणून तर त्यांचा वाकडेपणा पिढ्यान् पिढ्या टिकतो. क्वचित वापरातलं क्रियापद असतं तर पोरांनी कधीच सरळ करून टाकलं असतं.

जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली याची फार गोड परीक्षा घेतली. पक्ष्यासारखा एक काल्पनिक प्राणी काढला, त्याचं नाव ठेवलं ‘वग’. मुलांना विचारलं, हा एक वग, आता आले दोन… काय? मुलांनी बरोबर ‘वग्ज’ सांगितलं, शेवटच्या ‘ज’सकट. शब्दच जन्मात पहिल्यांदा ऐकलेला, पाठ कुठून असणार! ओसरीताई, घरी करून बघा. आपल्याकडे तर तीन लिंगं, तिप्पट मजा. ‘हा एक गुपा’, ‘ही एक टोमी’, ‘हे एक लुपं’ अशी तीन चित्रं काढा आणि दोन-दोन दाखवून विचारा. तिसरं लवकर येईल असं नाही, पण काय उत्तर देतो ते इथे लिहा.

‘मी जाते’चं उत्तर संध्याकाळी. सुट्टी संपली.

---

अर्धवट पेठकर | ५ ऑक्टोबर, दुपारी २:०२

माझ्या आजोळी सगळे ‘बघितलं’ला ‘बघलं’ म्हणत. तीही काय दोन वर्षांची पोरं होती?

---

पिंपळपान | ५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

काका, तुम्ही चिडून विचारलंत पण प्रश्न एक नंबर आहे. ‘बस’चं ‘बसलं’, मग ‘बघ’चं ‘बघलं’ का नको? तुमच्या आजोळच्या बोलीने नियम सरळ लावला आणि तो सगळ्या गावाने मान्य केला, म्हणून ती बोली. ओसरीताईंच्या मुलाचं ‘करलं’ मान्य करायला त्याच्यामागे गाव नाही, म्हणून ती चूक. फरक तेवढाच.

आता ‘मी जाते’. मराठीत ‘मी’वरून बाई की बुवा ते कळत नाही, सगळा भार क्रियापदावर. या पोराला दिवसभर जो ‘मी’ ऐकू येतो त्याच्या मागे ‘ते’ किंवा ‘ले’ असतं. त्याला उद्देशून येतं ते ‘तू जातोस’, म्हणजे दुसरंच सर्वनाम. त्याने साधी जोडी लावली: मी आलं की ‘जाते’, तू आलं की ‘जातोस’. पुरुष आणि बाई हा मुद्दा आहे हे त्याला कळायला ‘मी जातो’ म्हणणारा कोणीतरी रोज ऐकू यायला हवा. तेव्हा काका, नवऱ्याने सातला घरी यावं या तुमच्या सल्ल्याला माझा शास्त्रोक्त पाठिंबा आहे, कारण वेगळं असलं तरी.

राहिलं सुधारणं. हार्वर्डमधल्या रॉजर ब्राउन यांनी मुलांची घरातली बोलणी वर्षानुवर्षं टिपली होती. १९७० मध्ये त्यांनी आणि हॅनलन यांनी त्यात शोधलं की आईबाप नक्की कशावर ‘चूक’ म्हणतात. व्याकरणावर जवळजवळ नाहीच, खरेखोटेपणावर म्हणतात. आपल्याकडेही तेच. पोर ‘कावळा उडली’ म्हणालं तर आपण ‘हो रे, उडाला कावळा’ म्हणून पुढे जातो. पण कावळ्याकडे बोट करून ‘ही चिमणी आहे’ असं शुद्ध मराठीत म्हणालं की लगेच ‘नाही रे, कावळा’. तरी पोरं मोठी होऊन व्याकरण बरोबर बोलतात आणि थापा मारतात. (ही कोटी माझी नाही, जुनी आहे.)

‘हो रे, उडाला कावळा’ एवढंच करा. ‘म्हण बघू’ बंद.

---

कैरी पन्हं | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

धागा वाचून नवऱ्याला हाक मारली. तो लखनौचा, लग्नाला अकरा वर्षं झाली, मराठी सगळं कळतं. पण ‘ळ’ नाही म्हणजे नाही. म्हणता येत नाही ते सोडा, त्याला तो ऐकूच येत नाही! मी ‘कमल, कमळ’ म्हटलं तर म्हणतो, दोनदा एकच तर बोललीस. मुलगी तीन वर्षांची, ती त्याला दटावते: ‘पप्पा, केळं!’ तो: ‘वही तो बोला, केला.’ हे कसं होतं?

---

पिंपळपान | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१०

त्यांच्या कानात दोष नाही. जे व्हायचं ते त्यांच्या पहिल्या वाढदिवसाच्या आतच होऊन गेलं.

हा प्रयोग तर आपल्याच अक्षरांवर झालाय. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये तो छापला. इंग्रजी घरांतली बाळं घेतली आणि हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. ‘त त त त’ चालू असताना मध्येच ‘ट’ आला आणि बाळाने मान वळवली तर बाजूच्या पेटीत खेळणं उजळायचं, असं आधी शिकवून ठेवलेलं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. त्यांच्या इंग्रजी भाषक मोठ्यांना कळेना. आणि दहा ते बारा महिन्यांची बाळं? तीही मोठ्यांसारखी, फार थोड्यांना जमलं. हिंदी घरातल्या बाळांचा कान मात्र शाबूत.

म्हणजे बाळ जन्मतं तेव्हा कान चौफेर उघडा असतो. वर्षाच्या आत तो हिशेब करतो की या घरात कोणते फरक कामाचे आहेत, आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करायला शिकतो. लखनौच्या घरात ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे ठेवून काही मिळणार नव्हतं.

याची दुसरी बाजू बघा. ‘माझा’ आणि ‘माझी’ हळू म्हणा. दोन्हीतला ‘झ’ वेगळा आहे. अक्षर एक, शाळेत कोणी सांगत नाही, आपल्यातल्या निम्म्यांना आत्ता कळलं असेल. ओसरीताईंचा मुलगा मात्र रोज बरोबर म्हणत असणार.

---

ओसरी | ६ ऑक्टोबर, दुपारी २:४५

आत्ता म्हणवून घेतलं. ‘माझा चेंडू’, ‘माझी गाडी’. बरोबर म्हणतो!! मला स्वतःला पाच वेळा म्हणून बघावं लागलं. मावशी माझ्याकडे विचित्र बघतायत.

---

शेवगा | ७ ऑक्टोबर, पहाटे ३:२०

इथे बेल्जियममध्ये, अँटवर्पलाही रात्र आहे, पण आज झोप नाही. आमची पाच वर्षांची. शाळेत डच, आमच्याशी मराठी. सगळं समजतं, उत्तर डचमध्ये. मराठी बोलली तरी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ची खिचडी. आजोबांना व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ‘आपण काल समुद्रावर गेलो.’ आजोबा म्हणाले, ‘मी कुठे गेलो बाई? मी तर साताऱ्यात होतो.’ ती रडकुंडीला. डचमध्ये दोन्हीला एकच शब्द, काय करणार बिचारी.

शाळेने आम्हालाही सुचवलं होतं की घरी डच बोला. आम्ही दोन महिने बोललो. आमचं डच म्हणजे बाजारापुरतं, घरात सगळे मुके झालो. मग सोडलं. आता प्रश्न हा की स्क्रीनवरच्या आजी-आजोबांचा उपयोग होतो का? सगळे म्हणतात स्क्रीन वाईट.

---

पिंपळपान | ७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

शेवगा, तुमच्याच भागातला अभ्यास आहे. अनिक डे हाउवर यांनी फ्लँडर्समधल्या (बेल्जियमचा डच बोलणारा भाग) सुमारे १,९०० घरांची पाहणी केली (२००७), जिथे निदान एक पालक डचखेरीज दुसरी भाषा बोलतो अशी घरं. मुलांना डच आलीच, तिची काळजी कोणाला करावी लागली नाही. पण जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या घरांत मुलं घरची भाषा बोलत नव्हती. दोघंही पालक घरात तीच भाषा बोलत आणि डचला फार शिरकाव देत नसत, तिथे ती सर्वाधिक टिकली. ओसरीताई, पाळणाघराच्या बाईंना हेच उत्तर. बुडायची भीती असते ती घरच्या भाषेला, बाहेरची आपोआप पोहते.

स्क्रीनचं असं. सिअॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या चमूने (२००३) नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली. बारा बैठका, गोष्टी आणि खेळणी. बाळं चिनी ध्वनींतला फरक ओळखायला लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. शून्य. काहीही शिकली नाहीत.

पण व्हिडिओ कॉल म्हणजे टीव्ही नव्हे. २०१४ मधल्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं समोरासमोर जशी नवी क्रियापदं शिकली तशीच व्हिडिओ कॉलवरही शिकली, ध्वनिमुद्रित चित्रफितीतून मात्र नाही. कारण कॉलवरचा माणूस थांबतो, मुलाचं ऐकतो, त्यावर बोलतो. ‘मी कुठे गेलो बाई?’ हे वाक्य टीव्ही म्हणू शकत नाही. तुमच्या लेकीला आपण-आम्हीचा धडा आजोबांनी एका ओळीत दिला, ती रडकुंडीला आली कारण तिला तो पोचला.

---

साक्षीदार | ८ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मी कोर्टात दुभाष्याचं काम करतो, मराठीतून इंग्रजी. ‘समजतं पण बोलत नाही’ यावर थोडं.

साक्षीदार म्हणतो, ‘त्याने मला त्या दिवशी दुकानासमोर काठीने…’ आणि थांबतो. मारलं? ढकललं? धमकावलं? मराठीत क्रियापद शेवटी, मला तोंड उघडता येत नाही. पण कोर्टातल्या सगळ्या मराठी माणसांच्या चेहऱ्यावर ‘मारलं’ उमटलेलं असतं. समजणं बोलण्याच्या पुढे धावतं. माझ्या धंद्यात ते धोक्याचं, कारण एकदा पुढे शब्द आला तो ‘हटकलं’, आणि मी आधीच ‘मार’ इंग्रजीत घालून बसलो होतो. न्यायाधीशांनी जे बघितलं (बघलं, पेठकर काका) ते विसरत नाही.

नंतर कळलं की यावर प्रयोग आहेत. ऑल्टमन आणि कामिडे, १९९९. चित्रात मुलगा, केक, चेंडू, खेळण्यातली गाडी. ‘मुलगा खाणार आहे…’ एवढं इंग्रजीत कानावर पडताच लोकांची नजर केकवर, केक हा शब्द यायच्या आधी. आपल्याकडे क्रियापद नंतर येतं म्हणून आपण ‘ने’, ‘ला’ यांच्यावर पैज लावत असणार. ‘आजीने बाळाला चमच्याने…’ म्हटलं की मला तर आ केलेलं तोंड दिसतं.

तेव्हा शेवगा, तुमची मुलगी मराठीत अशा पैजा लावत असेल तर तिची मराठी जिवंत आहे. ‘ताटातली पोळी…’ म्हणून थांबा आणि ती कुठे बघते ते बघा.

---

खडूफळा | ९ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

कर्णबधिर मुलांना शिकवते, २२ वर्षं झाली. सगळे इथे ‘ऐकून’ शिकतात म्हणतायत, म्हणून राहवलं नाही.

भाषेला कान लागतोच असं नाही, माणसं लागतात. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या शेवटी मानाग्वात बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. तोवर ही मुलं आपापल्या घरात एकटी, घरच्यापुरत्या खाणाखुणा करणारी. शाळेत शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश शिकवत होते, ते फारसं जमत नव्हतं. पण पटांगणात आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या खुणा एकमेकांत मिसळल्या. १९८६ मध्ये ज्युडी केगल नावाच्या भाषाशास्त्रज्ञ तिथे गेल्या, तेव्हा त्यांना पटांगणात एक नवी भाषा दिसली. आणि सगळ्यात रेखीव बोलत होती ती लहान वयात आलेली छोटी मुलं. मोठ्यांच्या ओबडधोबड खुणा त्यांनी घेतल्या आणि त्यांना व्याकरण दिलं. कोणी शिकवलं? कोणी नाही.

ओसरीताईंच्या ‘करला’मागे जे आहे तेच हे, फक्त हातांनी.

एक कळकळीचं. ज्यांची मुलं खरोखरच बोलायला उशीर करतायत त्यांनी ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलले’ म्हणून थांबू नका, आधी कान तपासून घ्या. माझ्याकडे चार-चार वर्षांची मुलं येतात, ज्यांना तोवर कोणतीच भाषा मिळालेली नसते, ना तोंडाची ना हाताची. आधी ‘हट्टी आहे’ म्हणून मार खाल्लेला असतो. ती वर्षं परत आणताना आमचा जीव जातो, आणि सगळी येतातच असं नाही.

---

अर्धवट पेठकर | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

खडूफळा बाई, हे वाचून गप्प बसलो. माझा धाकटा भाऊ तसा होता. त्याला सगळे हट्टी म्हणत, मीही. तो आणि मी मिळून काही खुणा केल्या होत्या, आईला त्या कळत नसत. वीज गेली की कशी खूण, मास्तर आले की कशी. अजून हाताला आठवतात.

---

खडूफळा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

काका, ती भाषाच होती. दोघांची.

---

ओसरी | २० नोव्हेंबर, रात्री ११:००

सगळ्यांचे आभार, उशीर झाला. दिवाळीत नवरा नऊ दिवस घरी होता. पेठकर काकांचा आणि पिंपळपान यांचा सल्ला एकदमच लागू केला.

आधी चित्रांची परीक्षा. ‘हा एक गुपा, आता दोन…?’ ‘गुपे.’ एका क्षणात! ‘ही एक टोमी, दोन…?’ ‘टोम्या.’ माझ्या अंगावर काटा आला. ‘हे एक लुपं, आता दोन…?’ बराच विचार करून म्हणाला, ‘लुपं नाही. तो उंदीर आहे.’ चित्र माझंच, दोष माझाच.

‘करलं’ अजून आहे, पण मधूनमधून ‘केलं’ डोकावतं. एकदा तर ‘केललं’ म्हणाला, दोन्ही बाजू सांभाळून.

आणि मुख्य बातमी: चौथ्या दिवसापासून ‘मी जातो’! बाबांच्या मागे मागे ‘मी येतो, मी बसतो, मी दमलो’. सासूबाईंना फोन करून ऐकवलं.

फक्त आता नवीन प्रकरण सुरू झालंय. आज माझी आई भाजी आणायला निघाली. दारात म्हणाली, ‘चल बाळा, मी येते हं.’ तर हा धावत गेला, तिचा पदर धरला आणि म्हणाला, ‘येते नाही आजी. म्हण बघू, मी येतो.’ आईने म्हटल्याशिवाय सोडलं नाही.

---

तांबडा पांढरा | २० नोव्हेंबर, रात्री ११:०८

आजींनाच पाठवा आता कोल्हापूरला.